काल कॉम ३, आज कॉम ७!

सिम्युलेटरमधलं विमान जुहूवरून उडवायचं आणि त्याचं जीपीएस सिरियल केबलने जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवरच्या नकाशात बघायचं, एवढीच माफक इच्छा. विमान लोणावळा ओलांडून गेलं, नकाशातलं अजून जुहूतच!

का? तर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर (ती केबल यूएसबीत खोचायचा जोड) काल डावीकडे खोचला होता, आज उजवीकडे. झालं, संगणकाने पोर्टला दिलेलं नाव कॉम ३ चं कॉम ७, आणि नकाशा अजून कॉम ३ वरच वाट बघतोय! खोली बदलली म्हणून आडनाव बदलतं का कुणाचं?

मग बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग. दोन्हीकडे ४८०० हवा. एकीकडे ९६०० राहिला की पडद्यावर भुताटकीची लिपी. मग केबल. हवी होती नल मोडेम, २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट जोडलेली. माझी निघाली साधी. दिसायला मेल्या जुळ्या बहिणी! ती बदलली, तर 'पोर्ट वापरात आहे'. कोण वापरतंय बाबा? (मीच. मघाशी चाचणीसाठी उघडलेलं टर्मिनल, म्हणजे पोर्टवरचा डेटा दाखवणारा प्रोग्राम.)

आणि कळस! एनएमईएचा (जीपीएसच्या ठरलेल्या भाषेतला) डेटा वाहत असताना लॅपटॉप सुरू केला, तर त्याला तो चक्क सिरियल माउस वाटला. कर्सर अंगात आल्यासारखा घुमतोय, फायली आपोआप उघडतायत. मी विमान चालवतोय की घरात शिरलेला उंदीर पकडतोय?