वास गेला म्हणजे औषध गेलं का?

झुरळांसाठी घरात फवारणी करून घेतली तेव्हा माझी मुलगी दहा महिन्यांची होती, नुकतीच रांगायला लागलेली. फवारणाऱ्याने सांगितलं, "दोन-तीन तास बाहेर थांबा, वास गेला की घरात या." आम्ही पाच तास थांबलो. परतल्यावर खिडक्या उघडल्या, हुंगून पाहिलं आणि तिला निर्धास्तपणे फरशीवर सोडलं.

माझा तो निर्धास्तपणा चुकीचा होता. नाकाला कळतो तो बऱ्याचदा कीटकनाशक ज्यात कालवलेलं असतं त्या द्रावकाचा वास. तो उडून जातो. कीटकनाशक फरशीच्या सांध्यांत, गालिच्यात, कपाटाखालच्या धुळीत राहतं. उघड्यावर ऊन, पाऊस आणि मातीतले जीवाणू त्याची मोडतोड करतात. घराच्या कोपऱ्यात यातलं काही पोचत नाही. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली, तरी त्यानंतर कित्येक दशकांनी तिथल्या घरांच्या धुळीत ते सापडलं.

हीच धूळ मुलांच्या पोटात जाते. मूठभर माती खाणाऱ्या मुलांबद्दल मी बोलत नाहीये. फरशीवर टेकवलेला तळहात तोंडात जातो, खाली पडलेलं खेळणं चोखलं जातं, एवढंच पुरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०११ च्या पुस्तिकेत लहान मुलांसाठी माती आणि धूळ मिळून दिवसाला सुमारे १०० मिलिग्रॅम हा आकडा धरला आहे. तो काढायची एक पद्धत मला फार आवडली. मातीतलं अॅल्युमिनियम, सिलिकॉन, टायटॅनियम आतड्यात फारसं शोषलं जात नाही. मुलांच्या शीमध्ये ते किती निघालं ते मोजायचं, जेवणातून आणि औषधातून आलेलं वजा करायचं, उरलं ते माती-धुळीतून आलेलं.

१०० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही. पण हाताला चिकटते ती बारीक धूळ, आणि वजनाच्या मानाने कीटकनाशकाचे अंश तिच्यातच जास्त असतात. शिवाय दहा किलोच्या बाळाला आणि साठ किलोच्या माणसाला तेवढीच धूळ गेली, तर किलोमागे बाळाच्या वाट्याला सहापट येतं.

मला सगळ्यात हलवून गेला तो १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास. क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक फवारल्यानंतर तासाभराने खोलीत खेळणी आणून ठेवली. त्यांच्यावर एक थेंबही फवारलेला नव्हता, तरी पुढचे दोन आठवडे त्यांच्यावर कीटकनाशक साचत गेलं. पृष्ठभागावरून उडालेला अंश पुन्हा दुसऱ्या वस्तूंवर बसतो. म्हणजे फवारणीआधी खेळणी उचलून ठेवली होती, ही आमची हुशारीही अपुरीच. (या रसायनाचा घरगुती वापर तिथे जवळपास पूर्ण थांबवायचं २००० साली ठरलं.)

काही कीटकनाशकांचे अंश अन्नातूनच जास्त येतात, हे मला मान्य आहे. पण अन्न धुता येतं, सोलता येतं. रांगणाऱ्या मुलाचा हात दिवसभर कोण धुणार?

म्हणून "वास गेला की या" हा सल्ला मला बेजबाबदार वाटतो. घरात रांगतं मूल आहे का, हा प्रश्न फवारणाऱ्याने आधी विचारायलाच हवा. आता आमच्याकडे फवारणी बंद आहे. फटी बुजवल्या, रात्री ओटा आणि सिंक कोरडं ठेवतो, अगदीच लागलं तर मुलीचा हात पोचणार नाही अशा बिजागरीमागे झुरळं मारणाऱ्या जेलचे ठिपके लावतो. कोरडा झाडू धूळ उडवतो, म्हणून आधी ओलं फडकं फिरवतो, आणि ते कपाटाखालपर्यंत नेतो.