द गॉलला कृतघ्न म्हणू नका

आज एका व्याख्यानाला गेले होते. वक्त्यांनी दुसऱ्या महायुद्धातला फ्रेंच सेनानी चार्ल्स द गॉल याला 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' म्हटलं आणि सभागृह हसलं. घरी आले तरी राग जात नाहीये.

जून १९४०. फ्रान्स जर्मनीपुढे पडलेला. हा माणूस लढा चालू ठेवायला ब्रिटिश विमानातून लंडनला आला. ब्रिटनचा पंतप्रधान चर्चिलनं त्याला आसरा दिला, पैसा दिला, बीबीसीवर बोलू दिलं. पण ३ जुलैला चर्चिलच्याच हुकमावरून अल्जीरियातल्या मेर्स-अल-कबीर बंदरात फ्रेंच जहाजांवर तोफा डागल्या गेल्या. जवळपास १३०० फ्रेंच खलाशी गेले. तरी द गॉलनं रेडिओवर सांगितलं, जर्मनांच्या हाती लागण्यापेक्षा ही जहाजं बुडालेली बरी. याला कृतघ्न म्हणायचं?

माझी आत्या नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायची. काकांनी तिच्या मुलीचं लग्न परस्पर ठरवलं आणि आत्याला सांगितलं कधी, तर पाहुणे दारात आल्यावर. तिनं त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. "खायचं इथे आणि तोरा बघा," सगळं घर म्हणालं.

द गॉलचं तेच. १९४२ च्या मे महिन्यात इंग्रज मादागास्कर या फ्रेंच वसाहतीवर उतरले, त्याला पत्ता नाही. नोव्हेंबरात अमेरिकन आणि इंग्रज फ्रेंच उत्तर आफ्रिकेवर उतरले, तेव्हाही नाही. खुद्द फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरणार हे सांगितलं ४ जून १९४४ ला, दोन दिवस आधी! देश त्याचा, आणि तिथे चालवायच्या नोटा अमेरिकेत छापून तयार. तो भडकला. चर्चिलनं तोंडावर ऐकवलं, तुम्ही की अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट असा प्रश्न आला तर मी रूझवेल्टलाच निवडणार. द गॉलनंच हे आठवणींत लिहून ठेवलंय.

आत्याकडे स्वतःचं काय होतं? एक 'नाही'. तेही सोडलं असतं तर पोरीच्या आयुष्यात तिला विचारलं कुणी असतं?

माणूस असह्य होता, मान्य. १९६३ ला ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारात येऊ दिलं नाही, तेही मला पटत नाही.

आणि चर्चिल? बंगालच्या दुष्काळानंतर आपल्याला त्याचं प्रेम असायचं कारण नाही. पण लिहिता लिहिता आठवतंय, १९४५ च्या याल्टा परिषदेत, जिथे विजेते जर्मनीचं काय करायचं ते ठरवत होते, द गॉलला बोलावलंसुद्धा नव्हतं, तिथे जर्मनीत फ्रान्सला वाटा मिळावा म्हणून भांडला तो चर्चिलच. काकासुद्धा पुढे आत्याच्या मुलीच्या फीसाठी न सांगता पैसे ठेवून जायचे. म्हणून आत्याचा 'नाही' चुकीचा ठरत नाही!

१९५८ साली सत्तेवर परतल्यावर द गॉलनं चर्चिलला पॅरिसला बोलावून स्वतःच्या हातानं मुक्तिलढ्याचं पदक लावलं. तासाभराच्या भाषणात याला एक वाक्य मिळायला हवं होतं.