चिनी कुठं मिळतील?

रविवारी पहाटे साडेपाचला उठायची कारणं माझ्या लेखी तीनच. गाडी पकडायची असली, पाणी जाणार असलं, किंवा कुणी गेलं असलं. कलकत्त्याला मेहुण्याकडे गेलो तेव्हा त्यात चौथ्याची भर पडली. रात्री जेवण उरकताना तो म्हणाला, "भावोजी, उद्या पहाटे चायनाटाऊन. पायी फिरायचं."

मेहुणा बँकेत आहे. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन तिकडे गेला. बदलीच्या गावाचं वेड मोठं वाईट. तिथल्याच शोभाबाजारात जन्मलेला माणूस रविवारी नऊपर्यंत घोरतो, आणि हा डोंबिवलीचा पोरगा पाहुण्यांना पहाटे उठवून जुनं कलकत्ता दाखवतो.

त्यात माझे बूट नवे. प्रवासाला म्हणून हिनं दादरहून हौसेनं घेतलेले. "चालून चालून सैल होतील," असं दुकानदारानं सांगितलं होतं. सैल कोण होणार, बूट की मी, हे त्यानं सांगितलं नव्हतं. डावी टाच आदल्या दिवशी व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेतच सोलली गेली होती. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे रविवारी संकष्टी. म्हणजे ही दिवसभर काही खाणार नव्हती. फक्त मी काय काय खातो ते बघणार होती.

सहाच्या सुमारास पिवळ्या टॅक्सीनं आम्हाला पोद्दार कोर्टापाशी उतरवलं. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाच्या मागचा हा भाग. चायनाटाऊन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लाल कंदील आणि कमानीवर गुंडाळलेला ड्रॅगन होता. इथं बघतो तर ऑफिसची एक मोठी इमारत, पार्क केलेल्या गाड्या, परवराचे ढीग, ताजी मासळी आणि टोपल्यांवरून चाललेलं भांडण. मेहुणा फोनवर कुणाशी तरी बोलत पुढे गेला होता. शेवटी मी चहावाल्याला विचारलं, "भैया, इधर चीनी किधर मिलेगा?"

त्यानं माझ्या हातातल्या कुल्हडकडे पाहिलं. "चीनी तो डाले हैं साहब. और डाल दें?"

मी नाही-होय म्हणेपर्यंत त्यानं आणखी एक चमचा ढवळला. मधुमेहाच्या गोळ्या मेहुण्याच्या घरी होत्या.

मेहुणा परत आला आणि हे ऐकून त्याला चेव चढला. म्हणाला, "भावोजी, तुम्ही अगदी मुळावर बोट ठेवलंत!" मग तिथंच, रस्त्यात, इतिहास. अठराव्या शतकाच्या शेवटी टोंग अछू नावाचा चिनी माणूस इथं उतरला. वॉरन हेस्टिंग्जनं त्याला हुगळीच्या काठी बजबजजवळ 650 बिघे जमीन दिली, वर्षाला 45 रुपये खंडानं. तिथं त्यानं ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. म्हणजे भारतात वस्ती करायला आलेला पहिला चिनी माणूस साखरसम्राट होता! पश्चिम महाराष्ट्रात जन्मता तर आमदार तरी नक्की झाला असता. त्या गावाला त्याच्या नावावरून अछिपूर म्हणतात आणि नदीकाठी त्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल समाधी आहे. चिनी नववर्षाला कलकत्त्याचे चिनी लोक अजून तिथं जातात. हे सगळं मी एका पायावर उभा राहून ऐकलं. अक्षरशः एका पायावर.

या वस्तीत कुठलीच गोष्ट स्वतःच्या नावानं राहत नाही, हे मला हळूहळू कळायला लागलं. चिनी मागितली की साखर मिळते. ज्या बाजारात चिनी न्याहारी मिळते त्याचं नाव टेरिटी बाजार, आणि ते नाव टिरेटा नावाच्या एका इटालियन गृहस्थाचं. तो कंपनी सरकारच्या नोकरीत रस्ते-इमारतींवर देखरेख करायचा. बाजार त्याच्या मालकीचा होता. पुढे कर्जात बुडाला आणि बाजार हातचा गेला. नाव तेवढं राहिलं. आमच्या मुंबईतल्या घोडपदेवला घोडा कुठाय म्हणा.

न्याहारी म्हणजे फुटपाथवर दहा-बारा विक्रेते, त्यांची ॲल्युमिनियमची थरांची पातेली आणि वाफ. आठ वाजेपर्यंत सगळं संपतं, म्हणून ही पहाटेची शिक्षा. विकणाऱ्यांत निम्मे तरी बंगाली आणि बिहारी होते. पण कोपऱ्यात एक चिनी आजीबाई दिसल्या, बुटक्या, फुलाफुलांचा ब्लाऊज, मनगटावर रबरबँडांची चळत. आता खरं काहीतरी मिळणार, म्हणून मी लंगडत तिकडे गेलो. त्यांनी झाकण उचललं. माझा चष्मा धुकटला. चष्मा पुसेपर्यंत कागदी बशीत पांढराशुभ्र, लुसलुशीत गोळा येऊन पडला होता. वरच्या टोकाला चुण्या. कळ्या पाडायला बसवलेल्या पोरीला मध्येच कंटाळा यावा तसा दिसत होता.

"अगंबाई, मोदक!" ही म्हणाली. संकष्टीच्या दिवशी, उपाशीपोटी, सकाळी साडेसहाला. तिचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"ताई, बाओ म्हणतात त्याला," मेहुणा म्हणाला. "आत पोर्क आहे."

तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात असं तिनं फक्त दोनदा पाहिलंय. तरीही मी खाल्ला. सारण जरा गोडसर, वरची पारी कापसासारखी. मोदकाला उणेपणा न आणता सांगतो, चांगला होता.

मी पाचशेची नोट पुढे केली. आजीबाई काहीतरी म्हणाल्या. ऐकू आलं ते असं: "दादा, खुचरो दिन."

मला वाटलं, हा पुढचा पदार्थ. नाव कसं अस्सल चिनी होतं. खुचरोदिन! मी दोन बोटं वर केली. "दो देना."

आजीबाईंनी मेहुण्याकडे पाहिलं. शेजारच्या मासेवाल्यानं कोयता खाली ठेवला. मग ते सगळे जे हसले, ते हसणं भाषांतराशिवाय कळलं. त्या बंगालीत सुटे पैसे मागत होत्या. माझ्यापेक्षा, आणि तीन वर्षं राहूनही मेहुण्यापेक्षा, त्यांचं बंगाली चांगलं होतं. असणारच. जन्मल्याच होत्या तिथं. सुटे शेवटी हिनं दिले, पदराच्या गाठीतून काढावेत तसे, पर्सच्या आतल्या पर्समधून.

"इथं मंचुरियन नाही?" परत फिरताना तिनं विचारलं.

मेहुणा याचीच वाट बघत होता. मंचुरियनचा मंचुरियाशी काडीचा संबंध नाही. ते 1975 मध्ये आपल्या मुंबईत, चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी, तिच्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. वांग मात्र जन्मानं कलकत्त्याचे. म्हणजे जो पदार्थ आपण चिनी म्हणून खातो तो मुंबईचा, आणि कलकत्त्यानं त्यात फक्त आचारी घातला. ही जरा हिरमुसली. दोन हजार किलोमीटर येऊन ओळखीचं एकही नाव बशीत नव्हतं.

"आता चर्चला जाऊ," मेहुणा म्हणाला. मी क्रूस शोधत होतो. छातावाला गल्लीतल्या एका घरासारख्या इमारतीपाशी त्यानं थांबवलं. सी इप चर्च, 1905. कलकत्त्यात चिनी देवळालाच चर्च म्हणतात! आता मला काही आश्चर्य वाटेनासं झालं होतं. उद्या पोलीस चौकीला इथं नाट्यगृह म्हणाले असते तरी मी तिकीट काढलं असतं.

देऊळ वरच्या मजल्यावर. जिना चढताना टाचेनं प्रत्येक पायरी मोजली. वर कोरीव लाकूडकाम, लाल-सोनेरी देव्हारा, उदबत्त्यांचा दाट वास आणि क्वान यिन, करुणेची देवी. हिनं सवयीनं चपला दाराशी काढल्या. मी तर बूट इतक्या भक्तिभावानं काढले की तसे पंढरपुरातही कधी काढले नसतील. देखरेखीला बसलेले म्हातारबाबा म्हणाले, "जूता पहने रहिए, कोई बात नहीं." मला ऐकू आलं नाही. गार फरशीवर टाच टेकली आणि करुणेच्या देवीबद्दल जे काही सांगतात ते मला पटलं.

बाबांशी मेहुण्याची ओळख होती. ते सांगत होते, पूर्वी माणसाचं गाव कळलं की धंदा कळायचा. कँटनकडचे सुतार. हुपेचे दाताचे डॉक्टर. हक्का लोक चामड्यात. कातडी कमावायच्या टॅनऱ्या तिकडे शहराच्या पूर्वेला टांगऱ्यात, आणि बूट इकडे बेंटिंक स्ट्रीटला.

"बूट?" मी म्हणालो. "कुठं? किती लांब?"

"दहा मिनिटं. हातानं शिवलेले. पाय बघून करायचे."

मग मेहुण्यानं विचारलं, आता किती घरं उरली. बाबांनी बोटं मोजली आणि मध्येच सोडून दिली. भाऊ टोरंटोला, बहीण टोरंटोला, भाचे तिथंच. 1962 च्या युद्धानंतर इथल्या आणि आसाम-दार्जिलिंगच्या सुमारे तीन हजार चिनी लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. पोराबाळांसकट. काही जण वर्षानुवर्षं आत होते. परतले तेव्हा कुणाचं दुकान नव्हतं, कुणाचं घर नव्हतं. बाबांनी हे सांगितलं ते परवराचा भाव सांगावा तसं, आणि उठून विझलेली उदबत्ती बदलली. मी बूट चढवले. पुढची दहा मिनिटं टाचेबद्दल काही बोललो नाही.

बेंटिंक स्ट्रीटला पोचलो. दुकानांवर चिनी नावांच्या पाट्या, एकाखाली एक. आणि एकूण एक शटर खाली. रविवार! पाय बघून बूट करणाऱ्यांच्या गल्लीत मी पाय घेऊन आलो होतो, तो नेमका सुट्टीच्या दिवशी. एका शटरपाशी पायरीवर बसलो आणि उजवा बूट घालून, डावा हातात धरून मेहुण्याला सांगितलं की टांगराही दाखवायचा असेल तर मी आता खांद्यावरूनच येईन.

ही तेवढ्यात फोनमध्ये डोकं घालून बसली होती. "काय रे," तिनं भावाला विचारलं, "सी इप म्हणजे काय?"

"चार परगणे. कँटनकडच्या चार परगण्यांतून आलेल्या लोकांचं देऊळ."

"मग हे सी यूप कून काय आहे? 1919 चं. माझगावला, नवाब टँक रोडवर." तिनं फोन माझ्या नाकाशी धरला. "डॉकयार्ड रोड स्टेशनपाशी. आपल्या घरापासून वीस मिनिटं. तेच चार परगणे!"

मेहुणा गप्प झाला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. मी घोडपदेवला जन्मलो, त्या रस्त्यावरून शाळेत गेलो, आणि काखेतला कळसा बघायला हावड्यापर्यंत वळसा घालून आलो होतो. तोही या बुटांत.

मुंबईला परतल्यावर पुढच्या रविवारी हिनं मला बाहेर काढलंच. या वेळी मी जुन्या कोल्हापुरी घातल्या आणि वेळही सकाळी दहाची ठरवून घेतली. डॉकयार्ड रोडला उतरून तिनं सांगितलं, "तुम्ही विचारू नका. मी विचारते." कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेली आणि स्पष्ट मराठीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दादा, इथं चिनी लोकांचं एक जुनं देऊळ आहे ना? चायनीज टेम्पल?"

पानवाल्यानं चुना लावता लावता मान वर केली.

"चायनीज? ती गाडी संध्याकाळी सातनंतर लागते."