घर लिलावात गेलं म्हणून दुसरं कर्ज फिटत नाही

रविवारी मामीचा फोन. "अगं, सुटलो बघ. घर बँकेला देऊन टाकायचं, मग दोन्ही कर्जं माफ. मेसेज आलाय." मामेभावाचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर आधी गृहकर्ज, मग मशीनसाठी त्याच फ्लॅटवर एका फायनान्स कंपनीचं दुसरं कर्ज. दोन्हींचे हप्ते तीन महिन्यांहून जास्त थकलेत. गेल्या आठवड्यात पोस्टमनने बँकेचं रजिस्टर पत्र आणलं, ते भावाने परत पाठवलं. कारण? मेसेजमध्ये तसं लिहिलंय!

मेसेज नाशिकच्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय, म्हणून त्यातले दावे सांगते. लिलाव झाला की कर्ज संपलं. दुसऱ्या कर्जाचं तारणच उरत नाही, म्हणून ते आपोआप रद्द. जामीनदार मोकळा. नोटीस घेतलीच नाही तर बँक काही करू शकत नाही. आणि शेवटी रिझर्व्ह बँकेचा नियम, दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा.

मी सातपूरच्या कारखान्यांचे हिशेब लिहिते, वकील नाही. पण २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे तारण ठेवलेली मालमत्ता कोर्टात न जाता विकून बँकेला कर्ज वसूल करू देणारा कायदा, कोणालाही वाचता येतो. कलम १३, पोटकलम १०: मालमत्ता विकूनही येणं पूर्ण वसूल झालं नाही, तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जदाराविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात किंवा योग्य न्यायालयात जाऊ शकते. पहिला दावा इथेच संपला.

दुसरा दावा मला सर्वात घातक वाटतो, कारण तो ऐकायला पटतो. तारण गेलं, मग कर्ज कसलं? अहो, तारण वेगळं आणि कर्ज वेगळं. पैसे घेतले तेव्हा परत देण्याचं वचन सहीनिशी दिलंय; फ्लॅट फक्त त्या वचनाला टेकू होता. टेकू काढला तरी वचन राहतंच. समजा, फ्लॅट ३८ लाखांना गेला. लिलावाचा खर्च १ लाख, पहिल्या बँकेचे ३१ लाख. उरले ६. दुसऱ्या कर्जाचे १२ लाख येणं असेल, तर फायनान्स कंपनीच्या हाती ६ येतील आणि उरलेले ६ लाख भावाच्याच नावावर राहतील, विनातारण. त्यासाठी ती दावा लावेल, हुकूमनामा मिळवेल, वर्कशॉपमधल्या मशीनवर नाहीतर बँक खात्यावर जप्ती आणेल. घरही गेलं आणि कर्जही राहिलं. याला "सुटलो" म्हणायचं?

मेसेजमधला हा तुकडा बहुधा अमेरिकेतून आला असावा, आणि तो अगदीच खोटा नाही, हे मान्य करते. कॅलिफोर्नियात राहतं घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जात उरलेली रक्कम कर्जदाराकडून सहसा वसूल करता येत नाही. पण नंतर त्या घरावर काढलेल्या दुसऱ्या कर्जाला तिथेही सहसा हे कवच नाही. पहिल्याच्या लिलावात ज्याचं तारण बुडालं तो दुसरा सावकार कर्जदारावर दावा लावू शकतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच ठरवलंय. शिवाय तो कायदा पाथर्डी फाट्याला लागू नाही.

नोटीस न घेण्याच्या सल्ल्याने तर माझं डोकंच फिरलं. कोणी नोटीस टाळतोय असं दिसलं तर ती दारावर चिकटवायची आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, अशी तरतूद नियमातच आहे. म्हणजे भावाची अब्रू मराठी पेपरात. वर नोटिशीत येणं भरायला दिलेली ६० दिवसांची मुदत हातची जाते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सगळं येणं भरून घर सोडवता येतं. ताबा घेण्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत न्यायाधिकरणात जाता येतं. हे सगळे हक्क पाकीट परत पाठवणाऱ्याच्या नकळत निघून जातात.

जामीनदाराचं थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सरफेसीच्या १३(११) नुसार घराला हात न लावताही बँक आधी त्याच्यामागे लागू शकते. दुसऱ्या कर्जाला जामीन आहे भावाचा मेहुणा, महापालिकेत नोकरीला.

५,००० रुपयांचा नियम खरा आहे, २०२३ चा. पण तो पूर्ण कर्ज फेडल्यावर ३० दिवसांत घराचे कागद परत न मिळाल्यास. कर्ज बुडवणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?

आज संध्याकाळी भावाला घेऊन बँकेच्या शाखेत जातेय. आधी नोटिशीची प्रत घ्यायची, त्यावरची तारीख बघायची. मग दोन्ही ठिकाणी एकरकमी तडजोडीचं विचारायचं, आणि जे ठरेल ते लेखी घ्यायचं, "उरलेलं येणं माफ" या शब्दांसकट. ग्रुपवर मेसेज ढकलणाऱ्यांनी तो आजच काढावा आणि त्याच जागी कलम १३ ची पोटकलमं १० आणि ११ टाकावीत.