जाड पट्टा म्हणजे मजबूत पट्टा नव्हे
होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे म्यान, कमरेला अडकवायला चामड्याचा कोणताही जाड पट्टा चालतो, हा अमेरिकेतील पिस्तूलधारकांमध्ये फिरणारा दावा अपुरा आहे. गोळ्या भरलेल्या ग्लॉक 17 पिस्तुलाचे वजन सुमारे 900 ग्रॅम असते आणि ते एकाच बाजूला लटकत असल्याने पट्टा खाली ओढला जातो, शिवाय बाहेरच्या अंगाला पिळलाही जातो. म्हणून जाडीपेक्षा ताठपणा पाहावा. चामड्याचा चुरा चिकटवून केलेला पट्टा कितीही जाड दिसला तरी लवकर भेगाळतो. वरचा मूळ थर शाबूत असलेल्या चामड्याचे दोन पदर एकत्र शिवलेला, किंवा मध्ये पोलादाची वा प्लॅस्टिकची पट्टी घातलेला, साधारण दीड इंच रुंदीचा पट्टा टिकतो. मात्र होल्स्टर पट्ट्याला ज्या पकडीने अडकते तीही तेवढ्याच रुंदीची हवी, अन्यथा महागड्या पट्ट्यावरही होल्स्टर डुलत राहते.