आबांची ट्रंक आणि न्यूयॉर्कमधलं एक तळघर

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा कोल्हापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात शिरली. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही म्हातारी माणसं, सिलिंडर आणि कागदपत्रांची पिशवी तेवढी वर नेली. आबांची ट्रंक खालच्या खोलीतच राहिली.

आबा म्हणजे माझे आजोबा. सिनेमाचे बॅनर रंगवायचे. मांजरपाटाचं कापड ताणून बसवायचं, शो-कार्डावर, म्हणजे सिनेमातल्या प्रसंगाच्या छापील फोटोवर, पेन्सिलीनं चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे करून घ्यायचे आणि मग एकेक घर भरत जायचं. ट्रंकेत ती चौकोन आखलेली कार्डं होती, झिजलेले ब्रश होते, आणि एक दोनशे पानी वही होती. त्या वहीत फक्त डोळे. मासिकांतून कात्रीनं कापलेले नट-नट्यांचे डोळे, खळीनं चिकटवलेले, आणि वर आबांच्या अक्षरात मथळे: ‘हसरे’, ‘रडून झालेले’, ‘रागातले’, ‘वाट बघणारे’. ‘वाट बघणारे’ला सगळ्यात जास्त पानं दिली होती. लहानपणी मला त्या वहीची भीती वाटायची.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत काळपट लगदा. गाद्या, पुस्तकं, धान्य यांच्याबरोबर मीच तो घमेल्यात भरून ट्रॉलीत टाकला. एकही पान उन्हात वाळवून बघितलं नाही. तेव्हा तो मला कचरा वाटला, आणि हे लिहिताना आजही पोटात कालवतं.

हे सगळं आठवायला कारण झाला जोसेफ कॉर्नेल नावाचा अमेरिकन कलाकार. मागच्या पावसाळ्यात एका रात्री मूकपटांच्या काळातलं काहीबाही शोधत होतो. शोधता शोधता ‘रोझ होबार्ट’ या 1936 च्या एका छोट्या फिल्मवर येऊन थांबलो. कॉर्नेलनं 1931 च्या ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या बोलपटाची जुनी रिळं मिळवली, कापली आणि त्यातली जवळजवळ फक्त नायिका ठेवली. ती वळते, बघते, दाराशी थांबते. गोष्ट गळून गेली, उरली ती तिची नजर. दाखवताना निळ्या काचेतून दाखवायचा आणि संवादांच्या जागी रेकॉर्ड लावायचा. न्यूयॉर्कमधल्या ज्युलियन लेव्ही गॅलरीतल्या पहिल्याच खेळाला प्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली हजर होता. आपल्याच डोक्यातली कल्पना या माणसानं आधी करून दाखवली म्हणून तो इतका भडकला की त्यानं प्रोजेक्टर पाडला. कॉर्नेल मुळात बुजरा. त्यानंतर आपल्या फिल्म चारचौघांत दाखवायला तो कायम कचरत राहिला.

एका नटीची नजर तेवढी कापून ठेवणारा माणूस. मला आबांची वही आठवली आणि मी उठून बसलो.

मग महिनाभर रोज रात्री तेच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचं अमेरिकन कलेचं अभिलेखागार आहे, तिथं कॉर्नेलची कागदपत्रं आहेत आणि ती स्कॅन करून सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवलेली आहेत. पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, कुणाची शिफारस नाही. शुक्रवार पेठेत अंथरुणावर पडून मी त्या माणसाच्या कागदांतून फिरत होतो. पत्रं आहेत, कात्रणं आहेत, रोजनिशीच्या नोंदी आहेत. त्या नोंदी पाकिटांच्या पाठीवर, हाताला येईल त्या चिठोऱ्यावर खरडलेल्या. अक्षर इतकं गिचमिड की मला दहातले दोनच शब्द लागायचे. पण कुठली पेस्ट्री खाल्ली हेही त्यानं लिहून ठेवलंय हे कळलं, आणि का कोण जाणे, तो माणूस घरातला वाटायला लागला.

त्याचं काम थोडक्यात सांगतो. 1903 चा जन्म. वडील लवकर गेले. घर चालवायला हा 1921 पासून लोकरीच्या कापडाचा विक्रेता, मॅनहॅटनमध्ये पायी फिरायचा. धाकट्या भावाला, रॉबर्टला, सेरेब्रल पाल्सी होती, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं अंगाच्या हालचालींवर ताबा नव्हता. 1929 पासून आई, रॉबर्ट आणि हा असे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या यूटोपिया पार्कवेवरच्या एका साध्या घरात राहिले. दिवसा काम, भावाचं सगळं करणं आणि रात्री घर झोपलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा बसायचा. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून गोळा केलेलं सामान काढायचा: चिनीमातीचे पाइप, काचेचे पेले, नकाशे, कापून घेतलेली पोपटांची चित्रं, शिंपले. ते लाकडी पेटीत मांडायचं आणि पुढून काच लावायची. सापडलेल्या वस्तू एकत्र बसवून केलेल्या अशा कामाला असेम्ब्लाज म्हणतात. उद्यमनगरातल्या कारखान्यातला फिटर याला सरळ जुळणी म्हणेल, आणि मला तोच शब्द जास्त आवडतो. सुतारकाम त्याला शेजाऱ्यानं शिकवलं. पेटी जुनी दिसावी म्हणून तिच्यावर रंगाचे थर चढवून तो ती आईच्या ओव्हनमध्ये भाजायचा, कधी परसात ऊनपावसात ठेवून द्यायचा.

त्याला सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि सुप्त मनातून कला काढणाऱ्यांपैकी एक, म्हणतात. सुरुवातीला प्रदर्शनं त्यांच्याबरोबरच झाली. पण स्वप्नं आणि सुप्त मनाबद्दलचे त्यांचे सिद्धांत आपल्याला मान्य नाहीत हे त्यानं 1936 मध्येच कळवलं होतं. त्याला निर्मळ जादू हवी होती. मलाही त्याच्या पेट्यांत ती दिसते. 1940 ची एक पेटी आहे, ‘तालियोनीचा दागिन्यांचा डबा’. आत मखमल, तिच्यावर चकचकीत खड्यांचा हार आणि काचेचे चौकोनी तुकडे, बर्फासारखे. झाकणात एक मजकूर आहे: 1835 च्या हिवाळ्यात एका चांदण्या रात्री रशियात एका वाटमाऱ्यानं नर्तकी मारी तालियोनीची गाडी अडवली, आणि तिनं बर्फावर अंथरलेल्या कातड्यावर त्याच्या एकट्यासाठी नाच केला. त्या रात्रीची आठवण म्हणून ती दागिन्यांच्या डब्यात खोट्या बर्फाचा तुकडा ठेवायची.

एक कबूल करतो. मी त्याची एकही पेटी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. हॉलिवूडची नटी लॉरेन बकॉल हिच्यावरच्या पेटीत एक चेंडू सोडला की तो काचांमागून तिच्या फोटोंजवळून घरंगळत खाली येतो. तो आवाज मला फोनवर कसा ऐकू येणार? पेटीची खोली स्क्रीनवर सपाट होते. चिठोऱ्यांचं तसं होत नाही. ते स्क्रीनवरही जवळजवळ जसेच्या तसे पोचतात, डागांसकट. म्हणून मला वाटतं, दूरच्या माणसाला कलाकार कळायचा असेल तर त्याच्या कलाकृतीच्या फोटोइतकीच, कदाचित जास्तच, त्याच्या कागदांची गरज असते.

आणि इथं मला आपल्याबद्दल बोलायचंय. आपण कोल्हापूरला अभिमानानं कलापूर म्हणतो. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांचा कॅमेरा मानस्तंभ आहे आणि तिथं दरवर्षी लोक आठवणीनं जमतात. चांगलंच आहे. मिस्त्री घराण्यातल्या या माणसानं स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पण त्यांच्या मूकपटांतले बहुतेक आज बघायलाच मिळत नाहीत. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतलं घर चित्रांसकट सरकारला दिलं, म्हणून आज तिथं संग्रहालय आहे. मोठ्या माणसांचं थोडंफार तरी राहिलं. त्यांच्यामागं उभे असलेले पडदे रंगवणारे, बॅनरवाले, छपाईचे ब्लॉक करणारे, रंगभूषा करणारे, यांचं काय? त्यांचे कागद कुणी मागितले नाहीत आणि घरच्यांनी रद्दीत घातले. मीही त्यातलाच.

जागा कुठून आणायची, वाळवी लागते, ओल येते, हे मला पटतं. दोन खोल्यांच्या घरात कोण काय काय ठेवणार? पण कॉर्नेल आपलं सामान ठेवायचा ते त्या घराचं तळघरही काही महाल नव्हतं. तिथले फोटो बघा. फळ्यांवर खोकी आणि प्रत्येकावर हातानं लिहिलेलं नाव, आत काय आहे ते. बाकीचं काम नंतरच्या लोकांनी केलं. कुठल्या खोक्यातल्या कुठल्या फाइलीत काय, याची यादी त्यांनी बनवली. त्या यादीवाल्यांचं मला फार कौतुक वाटतं. ती यादी नसती तर मला काय सापडलं असतं?

आपल्याकडं हे काम एखाद्या कलाशिक्षण संस्थेनं किंवा विद्यापीठानं अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्यांना स्कॅनर घेऊन पेठापेठांत पाठवावं. वस्तू घरच्यांकडंच राहू देत, चित्र आणि यादी सगळ्यांसाठी खुली होऊ दे. तोवर निदान फोटो काढा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा: कोण, कुठं, कुणी दिलं.

मागच्या आठवड्यात आत्याच्या देव्हाऱ्याखालच्या खणात एक पाकीट सापडलं. आबांनी चौकोन आखलेलं एक शो-कार्ड. आत्यानं ते इतकी वर्षं का ठेवलं विचारलं तर म्हणाली, “आण्णांचा हात लागलाय त्याला.” आबांना ती आण्णा म्हणते. कडेला निळ्या रंगाचा अंगठ्याचा ठसा आहे. नायिकेचे डोळे मात्र कापून घेतलेत, दोन लांबट भोकं. त्या वहीत ते कुठल्या मथळ्याखाली गेले असतील, हे आता कळायचं नाही. बिंदू चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करून घेतल्या आणि फाइलीला आबांचं पूर्ण नाव दिलं.

कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, पोटमाळ्याच्या कोपऱ्यात बॅनर-पडद्यांच्या कामातलं काही असेल, फाटकं, भिजलेलं, कसंही, तर टाकायच्या आधी मला मेसेज करा. रविवारी सुट्टी असते. मी येऊन तिथंच फोटो काढीन आणि वस्तू तुमच्याकडंच ठेवून जाईन.