टाळ, ताळेबंद आणि तीन कुलपं

काल्याच्या कीर्तनात महाराजांनी पतसंस्थेचा विषय काढला आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर धुरळा उडाला. महाराज एवढंच म्हणाले होते, सप्ताहाच्या वर्गणीचा हिशोब पारावर वाचता तसा पतसंस्थेचाही वाचा. ज्या म्हाताऱ्यांच्या ठेवी अडकल्यात त्यांना तेवढं तरी कळू द्या. त्यावर एका जाणत्या सदस्यांनी लिहिलं, ‘महाराजांनी टाळ धरावा, ताळेबंद धरू नये.’ त्याला अंगठ्यांवर अंगठे!

रात्रपाळीहून घरी येताना, बिन बाहेर ठेवताना, डोक्यात तेच वाक्य. मी राहतो स्कॉटलंडमधल्या डमफ्रीजला. इथून अ‍ॅनानच्या बाजूला निघालं की आडवाटेला रूथवेल नावाचं गाव आहे, आपल्या वाडीएवढं. तिथे १७९९ साली हेन्री डंकन नावाचा तरुण पाद्री आला. बाप पाद्रीच, पण हा आधी लिव्हरपूलच्या बँकेत तीन वर्षं खर्डेघाशी करून आलेला. म्हणजे ताळेबंद धरायला शिकूनच धर्मात आला! गावात धान्याची टंचाई पडली तेव्हा त्यानं लिव्हरपूलच्या भावांकरवी धान्य मागवलं. मग १८१० साली एका बैठ्या घरात बचत बँक उघडली. मोठ्या बँकांत खातं उघडायला १० पौंड लागायचे; इथे ६ पेन्स चालायचे. जमलेली रक्कम डमफ्रीजच्या लिनन बँकेत ५ टक्क्यांनी ठेवायची, ठेवीदाराला ४ टक्के द्यायचे. पहिल्या वर्षाअखेर १५१ पौंड जमले. शेतमजूर, मोलकरणी, विणकर यांचे ते पैसे.

त्या घराचं पुढे संग्रहालय झालं. तिथे त्या बँकेची पैशांची पेटी पाहिली. तिला तीन कुलपं, चाव्या तिघांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘बघा, जगभरच्या बचत बँकांना वाट दाखवली ती गावच्या धर्मगुरूनं. आणि आपण?’ ‘आणि आपण?’ लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

डंकनचं सगळं मी ग्रुपवर सांगितलं नाही, हेही खरं. खातं उघडायला आलेल्या माणसाचं वय, घरची परिस्थिती, चालचलन यांची तिथे चौकशी व्हायची. आमच्या महाराजांनी कुणाचं चालचलन विचारलं असतं तर त्यांना वीणेसकट एसटीत बसवून दिलं असतं. गरिबाला काटकसर शिकवावी म्हणजे त्याला धर्मादायाची गरज पडणार नाही, हा त्या काळच्या शहाण्यांचा लाडका विचार. मजुरी वाढवा, असं त्या पेटीवर कुठं लिहिलेलं नाही. माझ्या मुद्द्याला हे सोयीचं नव्हतं.

पण हा गडी एका खुंटीला बांधलेला नव्हता. वर्तमानपत्र काढलं. सतराव्या शतकात धर्मवेड्यांनी फोडलेला रूथवेलचा हजारएक वर्षांचा दगडी क्रूस तुकडे जोडून १८२३ मध्ये उभा केला. दगडाच्या खाणीत सापडलेल्या प्राचीन प्राण्यांच्या पावलांवर १८२८ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध पाठवला. आणि १८४३ मध्ये, जमीनदारांनी पाद्री नेमावेत की मंडळीनं, या वादात सरकारमान्य चर्च फुटलं तेव्हा साठी उलटलेला हा माणूस चव्वेचाळीस वर्षांचं घर आणि पगार सोडून बाहेर पडला. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते मुंबईचे जॉन विल्सनही त्याच फुटीत त्याच बाजूला गेले.

इथे मात्र मला महाराजांची काळजी वाटली. काल्याच्या पंगतीचा खर्च पतसंस्थेच्या चेअरमननीच केलाय, दरवर्षी करतात. पुढच्या वर्षी कीर्तनाच्या आमंत्रणाचा नारळ कुणाला जातो ते बघायचं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. अडकलेल्या ठेवींत आमच्या अप्पांचेही ऐंशी हजार आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी रात्रपाळीच्या गडबडीत म्हणालो, ‘जाऊ द्या अप्पा, मी पाठवतो तेवढे.’ पाठवले, दुसऱ्याच दिवशी. अप्पा त्यानंतर वार्षिक सभेला गेले नाहीत. त्यांच्याबरोबर जाणारे दोघे शेजारी होते, त्यांचंही जाणं थांबलं. त्यांच्या पोरांना काही पौंडात पगार नाही. मी वडिलांचं नुकसान भरून दिलं, असं इतके दिवस समजत होतो. तक्रार करणारा एक माणूस कमी केला, हे या वादानंतर लक्षात आलं. आणि डंकनचा फोटो टाकून गावाला शहाणपण शिकवणारा मीच.

परवा चुलतभावानं ग्रुपवर विचारलं, देवळाची दानपेटी तरी तशी करूया का, तीन कुलपांची? महाराज हो म्हणाले, सरपंचबाई हो म्हणाल्या. तिसरी चावी कुणाकडे यावर चर्चा चालली. मी लिहिलं, ‘माझ्याकडे द्या.’

लगेच चुलतभावाचं उत्तर आलं: ‘दादा, मग पेटी उघडायची कधी?’

खाली हसणारे चेहरे. अप्पांनीही एक टाकला होता.